चीन-जपान-कोरियाच्या जुन्या नोटा जमवायच्यात? आधी नोट वाचायला शिका

चीन, जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग इकडच्या जुन्या कागदी नोटा जमवायला घेतल्या की नवीन माणसाचं बहुतेक वेळा एकच होतं, प्रदर्शनात नाहीतर ऑनलाइन एखादी मोठ्ठी रंगीत नोट दिसते, विकणारा म्हणतो "रेअर आहे साहेब, परत मिळणार नाही", आपण घेतो आणि घरी आल्यावर कळतं की ही कुठल्या देशाची, कुठल्या साली, कुणी काढली यातलं आपल्याला काहीच सांगता येत नाही. माझं मत असं आहे की या छंदात पैसा नंतर लागतो, आधी नोट वाचता यायला लागते. त्यासाठी चिनी-जपानी भाषा शिकायची गरज नाही, पंधरा-वीस चिन्हं आणि थोडी बेरीज-वजाबाकी पुरते. आणि खरी मजा बऱ्याचदा स्वस्त नोटांमध्येच असते, कारण त्या ढिगाने का छापाव्या लागल्या हीच तर त्यांची गोष्ट आहे.

१. आधी विषय छोटा करा

"पूर्व आशियाच्या नोटा" हा विषय एवढा अवाढव्य आहे की सगळंच घ्यायला गेलात तर नुसती भेळ होईल. एकट्या चीनमध्येच १९१२ ते १९४९ या काळात सरकारी बँका, प्रांतांच्या बँका, परदेशी बँका, लष्करी सरदार, जपान्यांनी बसवलेली सरकारं, कम्युनिस्टांचे तळ असे सगळे आपापल्या नोटा काढत होते. म्हणून सुरुवातीला एक धागा पकडा. मला विचाराल तर हे चार धागे चांगले.

पहिला, चीनची महागाई. १९३५च्या नोव्हेंबरमध्ये चांदीशी नातं तोडून 'फाबी' हे सरकारी कागदी चलन आलं, मग युद्ध, मग यादवी युद्ध, आणि नोटांवरची शून्यं वाढतच गेली. १९ ऑगस्ट १९४८ला 'गोल्ड युआन' आला, भाव काय तर ३० लाख फाबीला १ गोल्ड युआन. वर्षभरही टिकला नाही, ५० लाख गोल्ड युआनपर्यंतच्या नोटा छापाव्या लागल्या आणि जुलै १९४९मध्ये ५० कोटी गोल्ड युआनला १ सिल्व्हर युआन असा हिशोब झाला. शिनजियांग प्रांताच्या बँकेने तर १९४९मध्ये ६०० कोटी युआनची एक नोट काढली, ती महाग असते आणि तिच्या नकलाही भरपूर फिरतात, पण बाकीची मालिका अगदी कमी पैशात जमते आणि ओळीने मांडली की इतिहासाचं पुस्तक उघडायची गरज पडत नाही.

दुसरा, कम्युनिस्ट चीनच्या छोट्या नोटा. १९५३ सालच्या फेनच्या (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग) नोटा बघा, १ फेनवर ट्रक, २ फेनवर विमान, ५ फेनवर जहाज. आपल्याकडे या नोटा शंभर रुपयांच्या आत आरामात मिळतात. यात एक बारीक गोष्ट आहे, नंतरच्या छपाईत फक्त रोमन आकडे असतात (एक्स, व्ही, आय वाले), आणि सुरुवातीच्या छपाईत रोमन आकड्यांच्या पुढे साधा सिरीयल नंबरही असतो. तो नंबर असला की किंमत कुठल्या कुठे जाते, त्यामुळे गठ्ठा चाळायला मिळाला तर डोळे उघडे ठेवा.

तिसरा, जपान. आणि चौथा, जपानी लष्कराच्या ताब्यातल्या प्रदेशांच्या नोटा. यातल्या बर्माच्या रुपयातल्या नोटा आपल्याकडे भरपूर दिसतात. इंग्लिशमध्ये 'द जॅपनीज गव्हर्न्मेंट' असं छापलेलं, आणि ब्लॉक नंबरचं, म्हणजे नोटेवर छापलेल्या गटाच्या खुणेचं, पहिलं अक्षर बी असलं की बर्मा, एम असलं की मलाया, पी म्हणजे फिलिपिन्स. नोट जपानची पण चलन रुपया, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला बघताक्षणी गंमत वाटते. कुणी हजारोंनी भाव सांगितला तर हसून पुढे जा, या नोटा प्रचंड प्रमाणात छापल्या गेल्या होत्या.

हाँगकाँगचा धागा थोडा खर्चिक आहे पण मुंबईकरांनी एकदा तरी बघावा. तिथे नोटा काढणाऱ्या बँकांपैकी मर्कंटाईल बँकेचा जन्म १८५३मध्ये मुंबईतला. पुढे १९५९मध्ये ती एचएसबीसीने घेतली, पण तिच्या नावाच्या नोटा सत्तरच्या दशकापर्यंत निघत होत्या. खिसा परवानगी देत नसेल तर हाँगकाँग सरकारची १ सेंटची नोट घ्या, एवढीशी चिठ्ठी, एकाच बाजूला छापलेली, मागे कोरी.

२. तारीख आणि आकडे वाचायला शिका

हे एका रविवारी दुपारी जमतं. आडवी एक रेघ म्हणजे १, दोन रेघा म्हणजे २, तीन रेघा म्हणजे ३, आणि अधिकच्या चिन्हासारखं दिसतं ते १०. तीन रेघा आणि त्यानंतर अधिक म्हणजे ३०. बाकीचे आकडे कागदावर लिहून मोबाईलच्या मागे चिकटवून ठेवा, दोन आठवड्यांत पाठ होतात. फक्त लक्षात ठेवा की जुन्या नोटांवर मजकूर बहुतेक उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, इथे भलेभले गडबडतात. आणि नोटेच्या मध्यभागी जी किंमत लिहिलेली असते ती या साध्या रेघांत नसते, तिथे किचकट दिसणारे वेगळे आकडे वापरतात, म्हणजे कुणी एक रेघ वाढवून एकाचे दोन करू नयेत. आपण चेकवर अक्षरी रक्कम लिहून पुढे 'फक्त' लिहितो ना, त्यातलाच प्रकार.

आता साल. चिनी प्रजासत्ताकाच्या नोटांवर 'मिंगुओ' वर्ष असतं, त्यात १९११ मिळवा. जपानी नोटांवर सम्राटाचा काळ असतो, मेइजी असेल तर १८६७ मिळवा, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५. म्हणजे मेइजी १८ म्हणजे १८८५ आणि शोवा २० म्हणजे १९४५. दक्षिण कोरियाच्या १९५०च्या दशकातल्या नोटांवर ४२८६ असले आकडे दिसले तर दचकू नका, तो त्यांचा दांगुन शक आहे, २३३३ वजा करा, १९५३ येतं.

एक नोट धरून करून बघू. बँक ऑफ कम्युनिकेशन्सची ५ युआनची नोट, मधोमध डोंगरातून जाणारी वाफेच्या इंजिनाची गाडी, सुंदर कोरीव काम. चिनी बाजूला तारखेत वर्षाच्या जागी तीन आडव्या रेघा, ३ अधिक १९११ म्हणजे १९१४. उलटी करा, मागच्या बाजूला इंग्लिशमध्ये १९१४ छापलेलंच आहे, म्हणजे आपलं गणित बरोबर. खाली बारीक अक्षरात अमेरिकन बँक नोट कंपनीचं नाव, म्हणजे ही न्यूयॉर्कच्या कंपनीची छपाई. आणि शांघाय, टिएन्टसिन, अमॉय असं कुठलं तरी गावाचं नाव. हे गाव फार महत्त्वाचं, शांघायची नोट कुठेही मिळते, पण तीच नोट दुसऱ्या एखाद्या गावाची असली तर भाव कितीतरी पट होऊ शकतो. प्रजासत्ताक काळातल्या बऱ्याच चिनी नोटांना एक बाजू इंग्लिशची असते म्हणून नवशिक्याला मी नेहमी तिथूनच सुरू करायला सांगतो.

पण इथे एक मेख आहे. नोटेवरचं साल म्हणजे ती बाजारात आली ते साल असं नसतं. वरची १९१४ची नोट पुढे कितीतरी वर्षं त्याच तारखेने, नुसत्या सह्या बदलून छापली जात होती. 'कस्टम्स गोल्ड युनिट'च्या उभ्या नोटांवर तर १९३० लिहिलेलं असतं, वर चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांचा चेहरा, मागे शांघायची कस्टम हाऊसची इमारत, कारण ते चलन मुळात आयात जकात भरायला काढलं होतं. पण सर्वसामान्यांच्या हातात त्या नोटा आल्या १९४२मध्ये, २० फाबीला १ युनिट या दराने. त्यामुळे सह्या, सिरीयलचा रंग, छापणाऱ्या कंपनीचं नाव हे सगळं बघूनच नोट नक्की कुठली ते ठरवायचं. यासाठी जगभर 'पिक नंबर' वापरतात, अल्बर्ट पिक यांच्या कॅटलॉगवरून पडलेलं नाव. नुमिस्टा या साइटवर फोटो टाकून शोधता येतं आणि पिक नंबरही सापडतो. नोट घेण्याआधी हा नंबर काढायचाच, नंबर मिळत नसेल तर घ्यायची नाही.

३. कागद आणि छपाई हाताने ओळखा

हा माझा आवडता भाग. चांगल्या जुन्या नोटा इंटॅग्लिओ पद्धतीने छापलेल्या असतात, म्हणजे धातूच्या प्लेटवर खोल कोरलेल्या रेघांत शाई भरून प्रचंड दाबाने कागदावर उतरवलेली. अशा नोटेवरून हलकेच बोट फिरवलं की शाई उठलेली लागते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दागिन्यांच्या दुकानात वापरतात तसलं, आणि चेहऱ्यावरच्या रेघा बघा. खऱ्या नोटेत रेघ सलग आणि धारदार असते. आत्ता प्रिंटरवर काढलेल्या नकलेत त्या रेघेचे रंगीत ठिपके ठिपके दिसतात. बस्स, अर्ध्याहून जास्त नकला इथेच पकडल्या जातात.

दुसरी चाचणी यूव्ही टॉर्चची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५०च्या आधीच्या कागदात नसायची. त्यामुळे १९३०ची म्हणून विकली जाणारी नोट अंधारात टॉर्चखाली निळसर-पांढरी चमकली तर गडबड आहे. नाही चमकली म्हणून खरीच असंही नाही हं, खोटं करणारेही आता हुशार झालेत.

पण सगळ्याच खऱ्या नोटा देखण्या नसतात. जपानची युद्धाच्या शेवटच्या काळातली नोट हातात घ्या, कागद पातळ, छपाई सपाट, छोट्या नोटांवर स्वतंत्र सिरीयल नंबरच नाही, नुसता गटाचा नंबर. त्याच देशाची १९३०ची प्रिन्स शोतोकूचं चित्र असलेली १०० येनची नोट शेजारी ठेवा आणि फरक बघा. देशाची परिस्थिती कागदात उतरते ती अशी. फेब्रुवारी १९४६मध्ये 'नवीन येन' आणताना तर नवीन नोटा छापायला वेळच नव्हता, मग जुन्या नोटांवर छोटी तिकिटं चिकटवून त्याच नवीन म्हणून चालवल्या. तिकीट जागेवर असलेली नोट मिळाली तर जरूर घ्या, फक्त ते तिकीट नंतर कुणी डकवलेलं नाही ना ते भिंगाने बघून.

जपानचाच आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बँक ऑफ जपानची पहिली नोट १८८५ची, त्यावर दाइकोकू हा समृद्धीचा देव, उंदीर हा त्याचा साथीदार. कागद मजबूत व्हावा म्हणून त्यात कोन्याकू या कंदाची पूड घातली, आणि झालं काय, खरोखरचे उंदीर आणि किडे त्या नोटा खायला लागले. वर शाईतल्या शिशामुळे गरम पाण्याच्या गंधकयुक्त झऱ्यांपाशी नोटा काळ्या पडायच्या. आणि कहर म्हणजे त्या मालिकेतली १ येनची नोट जपानमध्ये कायद्याने अजूनही चालते, १ येनलाच. अर्थात कलेक्टर तिला कितीतरी पटीने पैसे देतात, त्यामुळे कुणी दुकानात जाऊन खर्च करत नाही.

४. कुठल्या फसवणुकी जास्त दिसतात

सगळ्यात मजेशीर म्हणजे 'हेल बँक नोट'. चिनी लोक पितरांसाठी जाळतात तो खोटा पैसा, त्यावर मुकुट घातलेला स्वर्गाचा सम्राट आणि लाखो-कोटींचे आकडे. हा कागद "जुनी चायनीज नोट" म्हणून सर्रास विकला जातो. दुसरा प्रकार, चीनमध्ये बँकेच्या कर्मचाऱ्यांना मोजायचा सराव करायला छापलेल्या नोटा, दिसायला युआनसारख्या पण चलन नव्हेत. स्वस्तात मिळाल्या तर दोन्ही गमतीखातर ठेवायला हरकत नाही, पण काय घेतोय ते माहीत हवं.

मिंग काळातली १ गुआनची नोट कुणी दाखवली तर हात मागे घ्या. १३७५पासून निघालेली ही नोट साधारण ३४ बाय २२ सेंटीमीटरची, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही उंच, तुतीच्या सालीच्या राखाडी कागदावर, आणि तिच्यावरच लिहिलेलं की नकली नोट करणाऱ्याचं डोकं उडवलं जाईल आणि पकडून देणाऱ्याला २५० ताएल (चांदी मोजायचं जुनं चिनी वजन) चांदी बक्षीस. एवढी तंबी देऊनही आज तिच्याच नकला सर्वांत जास्त. १८५३नंतरच्या चिंग काळातल्या, ताइपिंग बंड मोडायच्या खर्चासाठी काढलेल्या नोटांचं आणि कम्युनिस्ट चीनच्या १९४८-५३च्या पहिल्या मालिकेतल्या मोठ्या नोटांचंही तेच. या तीन गोष्टी फुटपाथवर किंवा अनोळखी माणसाकडून घ्यायच्याच नाहीत.

तिसरी फसवणूक कळायला कठीण, धुऊन इस्त्री केलेली नोट. घड्या दिसत नाहीत म्हणून कोरी म्हणून विकतात. ओळखायची कशी तर नोट खिडकीशी न्या, डोळ्याच्या पातळीवर जवळजवळ आडवी धरा आणि प्रकाश एका बाजूने येऊ द्या, मेलेल्या घडीची रेघ शाईत तुटलेली दिसते. शिवाय उठावाची छपाई बसून सपाट झालेली असते, कागद नको तितका गुळगुळीत लागतो आणि कधी कधी साबणासारखा वासही येतो. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडे चार फोटो मागा, पुढचा, मागचा, उजेडासमोर धरलेला आणि असा तिरका. द्यायला कुरकुर करत असेल तर त्याला नमस्कार.

सांगोवांगीच्या गोष्टींनाही थोडं जपून. जपान्यांनी नानजिंगला बसवलेल्या सरकारच्या सेंट्रल रिझर्व्ह बँकेच्या नोटांत चिनी कारागिरांनी गुपचूप इंग्लिश अक्षरं लपवली, 'अमेरिकन सैन्य येतंय' अशा अर्थाची, असं कलेक्टर मंडळी सांगतात. भिंगाखाली अक्षरं दिसतात आणि शोधायला धमाल येते, पण "सिक्रेट मेसेज" म्हणून दुप्पट पैसे देऊ नका, नोट तशी साधीच आहे.

५. प्रत बघून घ्या

अजिबात न वापरलेली ती यूएनसी, एखादी पुसट घडी असलेली एयू, मग एक्सएफ, व्हीएफ, एफ असं खाली खाली. पिनांची भोकं, गंजाचे डाग, कोपरे गोल होणं, कडेला चिरा हे सगळं प्रत खाली आणतं. माझा सल्ला, जी नोट सहज मिळते ती यूएनसीच घ्या, फरक थोडाच असतो. जी कठीण आहे ती व्हीएफमध्ये मिळाली तरी खूश व्हा. बँक ऑफ चोसेन, म्हणजे जपानी राजवटीतल्या कोरियाची बँक, तिच्या दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या नोटा वापरलेल्याच जास्त शोभतात असं मला वाटतं, पण हा आवडीचा भाग झाला.

वापरलेल्या नोटेलाही बोलायला काहीतरी असतं. युद्धकाळात अमेरिका-इंग्लंडमध्ये छापलेल्या चिनी नोटांच्या पेट्या भारतात उतरवून इथून विमानाने हिमालयावरून चीनला नेल्या जायच्या. चाळीसच्या दशकातली फाबी हातात आली की मला ते आठवतं, आणि मग तिच्यावरचा डाग तेवढा खटकत नाही.

६. सांभाळ

इथे आपलं हवामान शत्रू. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात नोटांवर तपकिरी ठिपके पडायला वेळ लागत नाही. नेहमीचे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात, काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढून घेतात, त्यापेक्षा मायलरचे म्हणजे पॉलिएस्टरचे कडक पाकीट वापरा. अल्बम उभा ठेवा, लोखंडी कपाटाच्या बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कप्प्यात नको. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या नोटांच्या डब्यात अजिबात नकोत. दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळे अल्बम उघडून हवा द्या, कसर लागलीय का बघा, पण उन्हात नाही, सावलीत.

लॅमिनेशन करू नका. करू नका. आपल्याकडे मार्कशीटपासून देवाच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, नोट एकदा त्यात गेली की संपली. सेलोटेप नको, इस्त्री नको, खोडरबर नको. हात धुऊन कोरडे करा आणि नोट कडेने धरा, एवढं पुरे.

७. नोंद ठेवा आणि ग्रेडिंगचं बघा

साधी वही किंवा एक्सेल शीट, त्यात बँक, किंमत, साल, छापणारी कंपनी, गाव, पिक नंबर, प्रत, कुणाकडून, कितीला. पुढे विकताना किंवा अदलाबदल करताना हीच कामाला येते, आणि तीच नोट दुसऱ्यांदा घेतली जात नाही. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी माणसाने भारताबाहेर पाठवायला कायद्याने मनाई आहे हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, परदेशी कलेक्टरशी अदलाबदल करायची वेळ आली की उपयोगी पडेल. बाहेरून मागवताना कुरिअर आणि कस्टमचा खर्च धरूनच भाव ठरवा, नाहीतर दोनशेची नोट हजाराला पडते.

पीएमजी, पीसीजीएस या कंपन्या नोट तपासून ७०च्या स्केलवर नंबर देतात आणि प्लॅस्टिकमध्ये सील करून देतात. पीएमजीच्या लेबलवर ईपीक्यू लिहिलेलं असलं तर कागद मूळ अवस्थेत आहे, धुणं-दाबणं झालेलं नाही असा अर्थ. स्वस्त नोटांना याची काही गरज नाही, फीच नोटेपेक्षा जास्त होते. महाग चिनी नोट घेताना मात्र आधीच सील केलेली घ्या, आणि लेबलवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतोय का ते पैसे देण्याआधी बघा, कारण हल्ली सील आणि लेबलच्याही नकला यायला लागल्यात.